बंबवाली आणि खाली उतरणारी आग

कारखान्यात तिला सगळ्या बंबवाली म्हणायच्या. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं तिला, नव्हतं असं नाही, पण सकाळी हजेरी घेताना मुकादमबाईसुद्धा "बंबवाली आली का?" असंच विचारायची आणि हीसुद्धा मुकाट्याने हात वर करायची. आगीला माणसाने घाबरावं ते किती, याला काही सुमार? घरातून निघाली की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची, शेगडीचं बटण बंद आहे ना ते बघायला. रस्त्यात कुणी काडी ओढली तरी हिची मान वळायची. आणि कारखान्यात दिवसातून दहादा नाक वर करून विचारायची, "जळल्यासारखा वास येतोय का गं?" शेजारी बसणारी चष्मेवाली हातातल्या पाकळीवरची नजर न काढता म्हणायची, "येतोय ना. तुझ्या घरी दूध उतू गेलंय. पळ." मग हशा पिकायचा. तीही हसायची, पण हसता हसता उठून साच्यांच्या वायरींना हात लावून बघायचीच.

तुम्हीही हसाल. पण भीती अशी उगाच कुणाच्या अंगात शिरत नाही. लहानपणी ही गल्लीतल्या पोरांबरोबर एक खेळ खेळायची. काठीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळायची, पेटवायची आणि काठी आडवी धरून उभं राहायचं. पिशवी वितळायची आणि जळते थेंब एकेक करून खाली पडायचे. पडताना झुईं असा आवाज व्हायचा, मोठी गंमत वाटायची पोरांना. मुंग्यांवर टाक, वाळक्या पानांवर टाक, असे उद्योग चालायचे. एकदा काठी हिच्याच हातात होती आणि थेंब हिच्याच पावलावर पडला. लाकडाची ठिणगी पडली तर माणूस झटकून मोकळा होतो. हा थेंब झटकता येईना. तो पायाला चिकटला आणि चिकटल्या जागी जळत राहिला. ती ओढून काढायला गेली तर बोटालाही लागला. आई हातातलं काम टाकून धावत आली, पोरीला उचलून तिचा पाय पाण्याच्या बादलीत बुडवला, तेव्हा कुठे तो विझला. शेंगदाण्याएवढा डाग अजून आहे पावलावर. प्लास्टिकचा जळता थेंब पडला तरी विझत नाही, जिथे पडेल तिथे नवी आग लावतो, हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं. ठाऊक असून काय दिवे लावले ते पुढे येईलच.

आणि अशा बाईला नशिबाने कामाला घातलं कुठे, तर प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात. दुकानांच्या काचेत, हॉटेलांच्या काउंटरवर वर्षानुवर्षं टवटवीत दिसणारी फुलं असतात ना, फडकं मारलं की पुन्हा नवी, ती फुलं. एका जुन्या गोदामाचा वरचा मजला होता. लांबलचक टेबलं आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बायका. कुणी गरम साच्यात पाकळ्या दाबून त्यांना बाक द्यायची, कुणी त्या तारेच्या देठात ओवायची, कुणी मधोमध केसर म्हणून पिवळे मोती चिकटवायची. बंबवाली मोत्यांवर होती. मागून घेतलं होतं तिने ते काम, कारण त्याला गरम काही लागत नसे, नुसता गोंद. एप्रनचा खिसा कायम मोत्यांनी भरलेला. चालली की खुळखुळायची.

टेबलांखाली पानांनी भरलेली पोती रचलेली असायची. पानं प्लास्टिकची, पोतीही प्लास्टिकची. तयार झालेल्या वेली ठेवायला जागा नाही, म्हणून त्या छताला टांगायच्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवरून वेली सोडलेल्या. गिऱ्हाईक आलं की मान वर करून वा वा करायचं. "डोक्यावर सरपण टांगून बसलोय आपण," बंबवाली म्हणायची. मालक म्हणायचा, "अगं, जमिनीवर ठेवलं तर मळतं. आणि वर आहे काय पेटायला? पंखे तेवढे." मालक वाईट नव्हता. तिच्या कटकटीला कंटाळून त्याने भिंतीवर आग विझवायचं लाल सिलिंडर लावून घेतलं होतं. त्याची धूळ बंबवालीच पुसायची आणि त्याची पिन कशी ओढायची हे नव्याने येणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्याकडून ऐकून घ्यावंच लागायचं.

आता त्या मजल्याची जमीन नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच घडलं. जमीन लाकडी फळ्यांची होती आणि मधोमध एक चौकोनी भोक होतं, चांगलं पलंगाएवढं. वर कप्पी, कप्पीला दोर. तयार मालाचे गठ्ठे त्यातून खालच्या खोलीत सोडायचे, तिथे ते खोक्यांत भरायचे, पुढे टेम्पो. भोकाला लोखंडी पत्रा ठोकलेलं झाकण होतं. दिवसभर ते बिजागरीवर उभं करून शेजारच्या खांबाला कडीने अडकवलेलं असे. काम संपलं की मुकादमबाई आणि आणखी एकजण मिळून ते पाडायच्या. ते पडलं म्हणजे सुट्टी. इमारतीचं वय झालं होतं, फळ्या मध्ये खचल्या होत्या, त्यामुळे सगळी जमीन त्या भोकाकडे उतरती. टेबलावरून एखादा मोती निसटला की तो टणटणत, घरंगळत नेमका तिथे जायचा आणि खाली पडायचा. आधी बायका वैतागायच्या. मग खाली आजी बसायला लागली आणि पडलेले मोती डब्यात जमा होऊन दोराने वर येऊ लागले.

आजी म्हणजे बंबवालीची आई. तरुणपणी ती कापडाच्या गिरणीत होती, तिथल्या यंत्रांनी तिचे कान नेले. पुढे या कारखान्यात आली, इथल्या गोंदाने नाक नेलं. "आता डोळे राहिलेत," ती लेकीला सुनवायची, "ते तुझ्यावर लक्ष ठेवायला." घरात दोघीच. लेकीचं लग्न झालं आणि मोडलंही, तेव्हा आईने कुणाला काही विचारलं नाही की कुणाला काही सांगितलं नाही, संध्याकाळी आपल्या गादीशेजारी दुसरी गादी घातली आणि झालं. त्या दिवसापासून दोघी एकत्र निघायच्या, एकाच टेबलावर काम करायच्या, एकाच बसने परतायच्या. आई आहे तर आपण आहोत, इतकं साधं होतं बंबवालीचं गणित.

पण एकदा आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि लेकीच्या मनात भीतीने घर केलं. वरच्या मजल्यावरून उतरायला एकच जिना, इमारतीच्या टोकाला, बाहेरून, लोखंडी. उद्या इथे काही पेटलं तर? आईला ओरडा ऐकू येणार नाही, धुराचा वास येणार नाही, आणि कळलं तरी हे गुडघे घेऊन ती तो जिना उतरणार कधी? बंबवालीची झोप उडाली. शेवटी ती मालकाकडे गेली आणि म्हणाली, "आईला खाली बसवा. खालचं दार सरळ रस्त्यावर उघडतं. आग काय, वर चढते. खाली कशाला येईल?" मालकाला पटलं. मुकादमबाईला पटलं. चष्मेवालीसुद्धा म्हणाली, "हे मात्र डोकं चालवलंस हो." ज्या बाईच्या पावलावर थेंबाचा डाग होता ती हे बोलत होती आणि त्या डागाची तिला आठवणसुद्धा झाली नाही.

आईला मात्र ते अजिबात आवडलं नाही. वर गप्पा होत्या, ऐकू येत नसल्या तरी बायकांची तोंडं दिसत होती, कोण कुणावर हसतंय ते कळत होतं. खाली खोकी आणि भिंती. "मला अडगळीत टाकलंस," ती म्हणाली आणि रुसली. ऐकू न येणारं माणूस रुसतं तेव्हा ते बघणंच बंद करतं, मग तुम्ही किती का ओठ हलवा. लेकीच्या नाकी नऊ आले. शेवटी तिने आईचं स्टूल बरोबर भोकाच्या काठाखाली मांडलं. खालच्या खोलीला खिडकी नव्हती, वरून भोकातून येईल तोच उजेड. त्या उजेडाकडे पाठ करून आई बसली की तिच्या हातातल्या कामावर चांगलं दिसायचं, आणि बंबवालीला नुसती मान वाकडी केली की आईचं पांढरं डोकं दिसायचं. दिवसातून किती वेळा ती मान वाकडी करायची कोण जाणे.

हाक मारायची तर मोती टाकायचा. बंबवाली काठाशी यायची आणि आईच्या खांद्यावर एक मोती सोडायची. आई उठायची, जरा मागे सरून भोकाच्या अगदी खाली उभी राहायची आणि तोंड वर करायची. मग ओठांवरून बोलणं. चहा झाला का, गुडघा काय म्हणतोय, संध्याकाळी भाजी कुठली. आणि काम संपताना झाकण पाडायच्या आधी एक मोती ठरलेला. आईने वर बघायचं, हात हलवायचा, लेकीने हात हलवायचा, मग झाकण. खाली अंधार झाला की आई पिशवी उचलून चालू लागायची आणि पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर बसस्टॉपच्या बाकावर लेकीची वाट बघत बसायची. गडबडीत कधी तो शेवटचा मोती राहिला तर घर येईपर्यंत बसच्या खिडकीबाहेर बघत राहायची, लेकीकडे मान म्हणून वळवायची नाही.

त्या दिवशी दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. मोठी ऑर्डर होती, छतावर नेहमीपेक्षा जास्त वेली चढल्या होत्या, काही तर पंख्याच्या दांड्याला गुंडाळून दिल्या होत्या. कोपऱ्यातला पंखा सकाळपासून कण्हत होता. बंबवालीने मान वाकडी करून आईचं डोकं बघितलं, मग नाक वर केलं आणि म्हणाली, "जळल्यासारखा वास येतोय का गं?"

"येतोय ना," चष्मेवाली म्हणाली. "तुझ्या घरी..." आणि तिथेच थांबली. चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि वर बघायला लागली.

पंख्याच्या दांड्यावर, छताला टेकलेल्या वाटीपाशी एक पान मुडपत होतं. ज्वाळा दिसत नव्हती, नुसतं पान आक्रसत होतं. मग दुसरं. मग तिथे एक बारीकशी पिवळी जीभ दिसली आणि ती दोरीवरून चालायला लागली, पानावरून पानावर, घाई न करता. बायका उभ्या राहिल्या.

आणि काय आश्चर्य, बंबवाली थरथरली नाही. सगळा जन्म ज्या गोष्टीला भीत आली ती समोर उभी राहिली आणि हात आपले आपण चालायला लागले. तिने सिलिंडर काढलं, पिन ओढली, टेबलावर चढली आणि नळी वर करून मारा सुरू केला. पांढरा धुरळा उडाला. जीभ दबली, पुढे सरकली, ही टेबलावरून तिच्या मागे सरकली, पुन्हा मारा. कोपऱ्यातलं छत पांढरंफटक झालं. "विझली," मुकादमबाई म्हणाली. बंबवालीने श्वास सोडला. क्षणभर तिला वाटलं, एवढंच होतं होय? एवढ्यासाठी मी इतकी वर्षं जीव मुठीत धरून बसले?

तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. झुईं. आणि टप.

कितीतरी वर्षांनी ऐकला तिने तो आवाज, पण ओळखायला क्षण लागला नाही. तिने मागे वळून बघितलं. ती पुढे पुढे आग विझवत गेली होती आणि मागच्या वेलींवर राहिलेली धग थेंब थेंब गळत होती. टेबलावर पाकळ्यांच्या ताटात एक थेंब, तिथे ताट पेटलेलं. खुर्चीवर एक. आणि टेबलाच्या फटीतून खाली, पोत्यांवर, कितीतरी. तिने नळी तिकडे वळवली. सिलिंडर शिंकल्यासारखं झालं आणि संपलं. आग वर असते म्हणून सगळा मारा तिने वर केला होता. पायाखाली काय चाललंय ते बघायचं सुचलंच नव्हतं.

पोतं कागदासारखं पेटत नाही. ते बसतं. आधी त्याचं तोंड वाकडं झालं, मग कूस फाटली, आतली पानं एकमेकांत विरघळली, हिरवा लगदा झाला आणि तो लगदा जळायला लागला. एकाचं दुसऱ्याला लागलं. धूर काळा, दाट, डोळ्यांत आणि घशात जाऊन बसणारा. आणि मग तो लगदा टेबलाखालून बाहेर आला. हळूहळू, काठावर निळी ज्योत घेऊन, तो फळ्यांवरून वाहायला लागला.

"जिना, जिना," मुकादमबाई खोकत सगळ्यांना दाराकडे लोटत होती. बायका एकमेकींचे हात धरून निघाल्या. चष्मेवालीने बंबवालीचा दंड धरला, "चल." बंबवालीने दंड सोडवून घेतला. ती त्या वाहणाऱ्या आगीकडे बघत होती. मोती ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने ती चालली होती.

ती धावत भोकाच्या काठाशी गेली. खाली आईचं पांढरं डोकं. वाकलेली पाठ. देठांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधत होती ती, मान खाली घालून. तिच्या पाठीमागे, भोकाखालीच एका बाजूला, मघाशी सोडलेल्या मालाचा ढीग. आईला कशाचा पत्ता नव्हता. धूर वर जात होता, खाली अजून स्वच्छ होतं. आग काठाशी आली, काठावर जमली, फुगली आणि पहिला थेंब सुटला. झुईं करत खाली गेला आणि ढिगावर पडला. विझला नाही. आईच्या पाठीमागे एक छोटीशी ज्योत शांत उभी राहिली.

"आई," बंबवाली ओरडली. इतकी वर्षं जिला ठाऊक होतं की आईला ऐकू येत नाही, ती ओरडली, पुन्हा पुन्हा ओरडली. मग हात खिशात गेला. मूठभर मोती घेऊन तो वर आला, नेम धरला, आणि तिथेच थांबला.

मोती पडला की आई उठणार. जरा मागे सरणार. भोकाच्या अगदी खाली उभी राहणार आणि तोंड वर करणार.

बंबवालीला ते दिसलंच. आईचं वर केलेलं तोंड, उघडे डोळे, आणि काठावरून सुटणारा थेंब. आईला हाक मारायची एकच रीत तिच्याजवळ होती आणि त्या हाकेने आई आगीखाली येऊन उभी राहणार होती. तिने मूठ तशीच खिशात नेली आणि मोती परत टाकले. एक जरी निसटला तर, या धास्तीने तिने खिसा वरून दाबून धरला.

जिन्याने उतरून, इमारतीला वळसा घालून खालच्या दारात पोचायला वेळ लागला असता. तोवर ही सगळी वाहती आग भोकातून आईच्या पाठीवर सांडली असती. झाकण. झाकण पलीकडच्या बाजूला खांबाला अडकवलेलं होतं. तिने कडी काढली, खांदा लावला. दोघींचं काम ते, एकटीला हलेना. काठावरून आता थेंब नव्हे, धार लागायला आली होती. वरून, छतावरून एक थेंब तिच्या हाताच्या पाठीवर पडला आणि चिकटला. मग दुसरा. तिने हात झटकला नाही. झटकून जात नाही, हे तिला माहीत होतं. दात आवळून तिने सगळा भार टाकला, आणि झाकण कललं. फटीतून शेवटचं जे दिसलं ते असं: आईचं पांढरं डोकं खाली वाकलेलं, आणि मागच्या ढिगावर आता एक नाही, पाच-सहा ज्योती. मग झाकण धाडकन पडलं. आग त्याच्या पत्र्यावर पसरली आणि वरच्या वर जळत राहिली.

आईला मी आगीबरोबर अंधारात कोंडलं. हा एकच विचार डोक्यात घेऊन ती भिंतीला धरून जिन्यापर्यंत गेली. पायऱ्या कशा उतरली तिला आठवत नाही. गल्लीत बायका उभ्या होत्या, कुणीतरी तिचं नाव घेऊन रडत होतं, तिचं खरं नाव, कितीतरी दिवसांनी. ती त्यांच्यामधून धावत गेली. इमारतीला वळसा, कचऱ्याच्या पेट्या, मग पुढचा रस्ता आणि खालचं दार. दार उघडं होतं आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागातून काळा धूर बाहेर लोटत होता.

"आत जाऊ नका," टेम्पोवाला म्हणाला. ती त्याच्या हाताखालून आत शिरली, खाली बसली आणि रांगायला लागली. मध्ये ढीग भडकला होता. ढिगातून वितळलेलं वाहून फरशीवर तळं झालं होतं आणि ते तळं जळत होतं. आईचं स्टूल प्लास्टिकचं. त्याचे पाय फाकले होते, बैठक मेणासारखी खाली आली होती, आणि तिच्याशेजारी काहीतरी काळं, वाकलेलं, आईएवढं. बंबवालीने त्याला मिठी मारली. ते मऊ होतं आणि गरम होतं आणि तिच्या हातात चुरगळलं. खोक्यात घालायच्या जाड कागदाची गुंडाळी होती ती. तरी तिने सोडली नाही. टेम्पोवाल्याने तिचे पाय धरून तिला फरशीवरून ओढत बाहेर काढलं तेव्हाही ती गुंडाळी तिच्या छातीशी होती.

"आत कुणी नाही," तो म्हणाला.

"आहे. तिला ऐकू येत नाही. ती ओ देणार नाही."

"बाई, मी सगळं बघितलं. कुणी नाही."

"तुम्हाला दिसली नसेल. ती लहान आहे अंगाने," ती म्हणाली आणि पुन्हा उठायला लागली. दोघा-तिघांनी तिला धरून ठेवलं. आईला खाली बसव असं कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतः जाऊन मागून घेतलं होतं. स्टूलही तिने स्वतःच त्या भोकाखाली मांडलं होतं.

चष्मेवाली बंबाला वाट दाखवायला मोठ्या रस्त्यावर पळाली होती, खरा बंब, घंटा वाजवणारा. ती आता धापा टाकत परत आली, गर्दी बाजूला सारली आणि बंबवालीपुढे उकिडवी बसली. चष्म्याची एक काच काळी झाली होती.

"तुझी आई बसस्टॉपवर आहे," ती म्हणाली. "बाकावर. रुसून बसलीय."

बंबवालीला शब्द कळले, अर्थ कळेना. चष्मेवालीने तिला उभं केलं आणि हाताला धरून नेलं. कोपरा वळला की मोठा रस्ता, तिथे वाहनं नेहमीसारखी चालली होती. बाकावर आई बसली होती. मांडीवर पिशवी, तोंड पलीकडे, बस येते त्या बाजूला. मागे छपरांवर काळा धूर चढला होता, तिने तिकडे बघितलंच नव्हतं.

झाकण पडलं होतं. खाली अंधार झाला होता. अंधार झाला म्हणजे सुट्टी, म्हणून आई उठली होती, पिशवी घेतली होती आणि दाराबाहेर पडली होती. मोती न टाकता झाकण लावलं याचा इतका राग आला होता तिला की तिने मागे वळूनही बघितलं नव्हतं. वळली असती तर ढिगावरच्या ज्योती दिसल्या असत्या, आणि दिसल्या असत्या तर ती विझवायला गेली असती. लेकीला याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पाय बादलीत बुडवणारी बाई होती ती.

बंबवाली बाकासमोर जाऊन उभी राहिली. आईने मान वळवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "एवढ्या दिवसाउजेडी सुट्टी दिली ती दिली. पण झाकण पाडायच्या आधी मला एक मोती टाकायला काय झालं होतं तुला?"

मग तिने वर बघितलं. लेकीचा काळा चेहरा बघितला, एप्रन बघितला, हात बघितले. ती उठली, लेकीचं मनगट धरून तिला बाकावर बसवलं, पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि हाताच्या पाठीवर धार धरली. बाटली संपेपर्यंत धरली. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. पुसायला काही मिळावं म्हणून तिने लेकीच्या एप्रनच्या खिशात हात घातला, आणि मूठभर पिवळे मोती बाहेर आले.

आईने मोत्यांकडे बघितलं. मग लेकीकडे.

"मोती तर आहेत की," ती म्हणाली. "मग टाकला का नाहीस?"

बंबवालीने सांगायला तोंड उघडलं. ओठ हलेनात. मागून बंब घंटा वाजवत गेला, रस्त्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. आई तेवढी लेकीच्या ओठांकडे बघत बसली, उत्तराची वाट बघत.